चारशे बारा फोन

दुपारचे साडेबारा वाजलेत. रेडिओ धोटाच्या स्टुडिओत विनया दिवटे खुर्चीतच डोळे मिटते. झोपायचं नाही, फक्त पाच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. बाहेरचा आवाज अडावा म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. तरी पलीकडच्या शेडमधल्या यंत्रमागांचा खटखटाट जमिनीतून येतो आणि खुर्चीच्या पायांतून पाठीत चढतो. या गावात जन्मलेल्या माणसाला त्या आवाजात झोप लागायला वेळ लागत नाही.

समोर टेबलावर रेडिओ केंद्राचा परवाना परत करण्याचं पत्र आहे. दोन वाजता केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचे सचिव तारळेकर वकील ते न्यायला येतील. आजूबाजूच्या तालुक्यांतली तीन केंद्रं गेल्या दोन वर्षांत अशीच बंद झाली. इथलं कारण मात्र विनयाने स्वतः शोधून दिलंय. श्रोते किती, हे बघायला तिने यादी काढून चारशे बारा घरांतल्या एकेकाला फोन केला, सकाळी दहा ते बारा या वेळात. उचलले एकोणतीस. ती फिजिक्सची एम. एस्सी. आहे. आकडा दुसऱ्या कुणाचा असता तर तिने तपासून घेतला असता. हा तिचाच होता, म्हणून तिने तो मान्य केला.

खटखटाट हळूहळू लांब जातो. गोधड्या फुगतात, खाली बसतात, पुन्हा फुगतात.

"सरक जरा. माझी खुर्ची हाय ती."

विनया सरकते. शेवंताक्का म्हेत्रे शेजारी बसतात, पदर खोचतात आणि माइककडे असं बघतात, जणू कुणी त्यांचा तांब्या न विसळताच ठेवलाय. चाळीस वर्षं त्यांनी मागवाल्यांकडे कांड्या भरल्या, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या. मग सहा वर्षं या स्टुडिओतून गावाशी बोलल्या: नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, दवाखान्यात कुठला डॉक्टर आलाय. त्यांना जाऊन आठ महिने झाले. हे विनयाला ठाऊक आहे. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही.

"हडकलीस," अक्का म्हणतात.

"तुम्ही नाही हडकलात."

"आता कशाला हडकतीय? काम न्हाई, धंदा न्हाई." त्या पत्र उचलतात, लांब धरतात. "काय लिवलंय?"

"ऐकणारं कुणी नाही, असं."

"कोण म्हणतंय?"

"मी."

अक्का पत्र खाली ठेवतात. टेबल आता कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं आहे, ओट्याला काळा दगड आणि गॅसची नळी. विनयाच्या अंगात पांढरा कोट आहे. तोंडी परीक्षा चालू आहे आणि परीक्षक अक्काच आहेत.

"सांग बगू. मी रेडिओवर समदं दोनदा का बोलायचे?"

"सवय होती तुम्हाला. मी किती वेळा सांगितलं, अक्का, वेळ वाया जातो."

"चूक. शून्य मार्क." अक्का खूश दिसतात. "आगं, मागाजवळ जलम गेला माजा. पयल्यांदा बोललेलं मागाच्या आवाजात जातंय. माणूस नुसतं वळून बगतंय, कोण तोंड हलवतंय ते. दुसऱ्यांदा बोललं की त्याच्या कानात पडतंय. घरात सुनंला हाक मारायची तरी दोनदा. कळलं?"

"कळलं."

"आता तू सांग. एकेकाला किती डाव फोन केलास?"

विनया वही उघडते. वहीत सगळं आहे: नाव, नंबर, तारीख, वेळ. शेवटचा रकाना बघायची तिला गरज नाही.

"एकदा."

"आणि कवा?"

ती उत्तर देणार, पण ओटा संपलाय आणि पुढे शेड आहे. एवढी लांब शेड गावात नाही. शेकडो माग दोन्ही बाजूंनी ओळीत चालू आहेत. धोटे इकडून तिकडे धावतायत, पण सूत कुठेच नाही. नुसती हवा विणली जातेय. विनया अशा शेडमध्ये कधी आत गेलेली नाही. वडील दारातूनच परत पाठवायचे: तू शीक, इथलं तुझं काय काम? आवाज एवढा आहे, की तो आवाज वाटतच नाही. छातीवर कुणी हात ठेवून ढकलतंय असं वाटतं.

प्रत्येक मागाच्या चौकटीला एक फोन सुतळीने टांगलाय. सगळे फोन वाजतायत. म्हणजे वाजत असणार, कारण ते उजळतात, थरथरतात, विझतात. माणसं त्यांच्याकडे पाठ करून तुटलेला धागा जोडतायत.

विनया जवळच्या फोनच्या पडद्यावर आलेला नंबर वाचते. तो रेडिओ धोटाच्या ऑफिसचा आहे. पुढच्या फोनवरही तोच. त्याच्या पुढच्याही.

"हे फोन मीच करतेय," ती म्हणते. तिचं तिलाच ऐकू येत नाही.

अक्का तिच्या कानाला तोंड लावतात. "जेवायच्या सुट्टीत उलटा फोन केला की त्येंनी! तवा तू कुठं हुतीस?"

"घरी! ऑफिसला कुलूप लावून!"

"कशाला?"

"जेवायला!"

अक्का एवढ्या हसतात, की त्यांना मागाचा आधार घ्यावा लागतो. "आन म्हणं ऐकणारं कुणी न्हाई!"

"मग आता काय करू?"

"मला काय इचारतीस? मी मेलीय. हाक मार त्यास्नी."

"मला माइकवर बोलता येत नाही, अक्का. मी मशीन सांभाळते."

"हितं माइक कुठं हाय?"

विनया हाक मारते. आवाज ओठांवरच पडतो. दुसऱ्यांदा ती पोटातून ओरडते. पहिल्या ओळीतला एक बाप्या मान वळवून बघतो, कोण तोंड हलवतंय. ती तिसऱ्यांदा ओरडते, चौथ्यांदा, मागामागाच्या फटीतून पुढे पळत, प्रत्येकाचं नाव घेऊन, यादीत होतं तसं. तिला चारशे बाराही नावं पाठ आहेत. अक्का मागे कुठेतरी राहतात. वळून बघायला सवड नाही.

सगळं एकदम गप्प होतं.

विनया दचकून जागी होते. या गावात आवाजाने कुणी उठत नाही, आवाज थांबला की उठतात. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजलाय. जेवणाची सुट्टी. पलीकडच्या शेडमधून डबे उघडल्याचा आवाज येतो आणि कुणीतरी कुणालातरी ठेचा मागतं.

ती उठून पत्र टेबलाच्या खणात ठेवते आणि फोन उचलते. पहिला तारळेकर वकिलांना.

"विनयाताई, निघतोच आहे. सही झाली ना?"

"नाही. पाहणीत माझी चूक झालीय. माग चालू असताना फोन केले मी. सगळे पुन्हा करायचेत, रोज एक ते दीड. मला तीन आठवडे लागतील."

"अहो, ट्रस्टींना काय सांगू? आणि तेव्हाही कुणी ऐकत नाही असं निघालं तर?"

"तर सही करीन. मोजल्याशिवाय नाही."

वकिलांना आता तिचा आवाज खटकतो. "तुमच्या आवाजाला काय झालंय? सकाळी तर ठीक होता."

विनया गळ्याला हात लावते. घसा पार बसलाय, आतून सोलल्यासारखा झोंबतोय. ती पाण्याचा घोट घेते. गिळताना दुखतं.

"ओरडलात की काय कुणावर?"

"हो," विनया म्हणते. "ठेवते आता. सव्वीस मिनिटं राहिलीत."

आणि ती यादीतला पहिला नंबर फिरवते.