परत मागवलेली चॉकलेटं

धाकटीचा धंदा चालायला लागला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. त्याआधी दोघी जावांचं बरं चाललं होतं, म्हणजे भांड्याला भांडं लागायचं तेवढंच.

थोरली एका मोठ्या किराणा दुकानात कामाला होती. फळ्या भरायच्या, तारीख उलटलेला माल काढायचा. नऊ तास उभं राहून तिचे घोटे सुजायचे. धाकटी घरीच खिडकीपाशी बसून फोनवरून माल विकायची. आधी साबण विकले, मग मेणबत्त्या आणि आता झोपेची चॉकलेटं. एक तुकडा खाल्ला की डोक्यातली चक्रं थांबतात, असं पाकिटावर छापलेलं होतं. गिऱ्हाइकं तिला फोनवर पाच-पाच चांदण्या द्यायची, खाली कौतुक लिहायची आणि ती ते जेवताना सगळ्यांना वाचून दाखवायची.

"बसल्या जागी किती माणसं जोडली हिनं," सासूबाई म्हणायच्या. बघायच्या धाकटीकडे, पण शब्द पडायचे थोरलीच्या सुजलेल्या घोट्यांवर.

एका मंगळवारी दुकानात सरकारी कागद आला. त्याच चॉकलेटांत पाकिटावर न लिहिलेलं एक नशा आणणारं द्रव्य सापडलं होतं. खाणाऱ्यांना भास होत होते, काहींना झटके आले होते. सगळा माल परत मागवला होता आणि विक्री बंद करायला सांगितलं होतं. थोरलीनं आपल्या हातानं फळी रिकामी केली.

ती घरी आली, तर खिडकीपाशी खोक्यांची चळत.

"ताई, बघा ना," धाकटी म्हणाली. "घाऊकवाल्यानं सगळी अर्ध्या दरात दिली. नशीब लागतं."

थोरलीनं एक पाकीट उलटं केलं. त्यावर सरकारी कागदातलाच क्रमांक होता. वाक्य तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "नशीब कसलं, डोकं लागतं. ते सगळ्यांना नसतं."

थोरलीनं पाकीट जागेवर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेली.

मग ती आठ दिवस मूग गिळून बसली. धाकटी पाकिटं भरत होती, पत्ते चिकटवत होती, आणि थोरली कधीकधी दोरा धरायलाही मदत करत होती. तपासनीस येईल, खोकी उचलेल, धाकटीचा चेहरा पांढराफटक पडेल, सासूबाईंची बोलती बंद होईल. हे सगळं तिनं मनात इतक्यांदा पाहिलं होतं की तपासनिसाच्या मिशासुद्धा ठरल्या होत्या. चॉकलेट खाणारं माणूस मात्र एकदाही तिच्या डोळ्यांसमोर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी तिची सुट्टी होती. दुपारी सासऱ्यांना काहीतरी गोड हवं झालं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला शांत माणूस. टेबलावर एक फुटलेलं पाकीट होतं, त्यातले चार तुकडे त्यांनी खाल्ले. तासाभरानं ते बोळात जमिनीवर बसलेले सापडले, दोन्ही हातांनी भिंत दाबून.

"श्वास घेतेय ती," ते घाबरून म्हणाले. "धरा तिला, पडेल."

दवाखान्यात नेईपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली. छाती धडधडत होती.

"काय खाल्लंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झोपेची चॉकलेटं," धाकटी रडत म्हणाली. "वनस्पतींची आहेत, त्रास होत नाही त्यानं."

"त्यात नेमकं काय आहे?"

धाकटीला सांगता येईना. थोरलीनं सांगितलं. कागदावरचं ते लांबलचक नाव तिला तोंडपाठ होतं, आठ दिवस तिनं दुसरं काय घोकलं होतं? डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि नर्सला भराभर सूचना दिल्या.

बाहेरच्या बाकावर धाकटीनं डोळे पुसले. "ताई, तुम्हाला कसं माहीत?"

"दुकानात कागद आला होता."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात, मंगळवारी."

धाकटीनं बोटांवर दिवस मोजले. "मंगळवारी मी तुम्हाला खोकी दाखवली होती."

"हो."

थोरलीनं शिव्या खायची तयारी केली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकटी म्हणाली, "अर्ध्या दरात का देतोय, हे मीही त्याला विचारलं नाही." एवढं ती सहज बोलून गेली. थोरलीला मात्र आपली चूक तोंडानं कबूल करता येईना, आणि त्या सहजपणाचाही तिला हेवा वाटला.

सासरे दुसऱ्या दिवशी भानावर आले. धाकटीनं स्वतःच अन्नतपासणीच्या कचेरीत कळवलं. खोकी गेली, फोनवरचं दुकान बंद झालं. पण विकलेला माल त्रेसष्ट घरांत पोचला होता. दोघींनी यादी अर्धी-अर्धी वाटून घेतली आणि फोन लावायला बसल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या, कोणालाच काही म्हणत नव्हत्या.

"ती चॉकलेटं खाऊ नका, आमच्याकडून चूक झाली," थोरली प्रत्येकाला सांगत होती. कोणी घाबरलं, कोणी तिच्यावर ओरडलं. एका म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं बाई. पण नेहमी बोलतात त्या कुठे आहेत?" म्हातारी म्हणाली. "गोड बोलतात हो. त्यांना द्या ना फोन."

थोरलीनं फोन पुढे केला. धाकटीनं तो घेतला, आवाज सावरला आणि विचारलं, "आजी, गुडघा कसा आहे आता?" यादीतलं पुढचं नाव शोधता शोधता थोरली कान देऊन ऐकत राहिली, आणि तिच्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखणं उठलं.