रस्ता नसलेलं गाव

बर्मिंगहॅमला आल्यावर पहिलं वर्ष मी घरी बसून काढलं. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी, माझा डिपेंडंट व्हिसा. काम करायची परवानगी होती, पण पुण्यात रशियन शिकवणाऱ्या बाईला इथे काम देणार कोण? शेवटी लायब्ररीतल्या बोर्डावर ‘रशियन येतं, काम हवंय’ अशी एक चिठ्ठी लावली आणि एका रशियन बाईचा फोन आला. ती इथल्या माणसाशी लग्न करून राहिलेली, फिजिओथेरपिस्ट. वडील गेल्यावर तिने आईला इकडे आणलं होतं, आणि आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

"आठवड्यातून दोन दुपारी तिच्याजवळ बस," ती म्हणाली. "इंग्रजी शिकव. आणि प्लीज, तिला गावाबद्दल बोलू देऊ नकोस. दुसरं काही बोलतच नाही ती."

पहिल्याच दुपारी मी कप दाखवून "धिस इज अ कप" म्हटलं. आईने कप हातातून काढून घेतला, त्यात चहा ओतला आणि गावाबद्दल बोलायला सुरुवात केली.

मी त्यांना काकू म्हणायचे. रशियनमध्येही त्याच अर्थाचा शब्द आहे. काकू त्या गावच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलून गाड्यांना वाट द्यायच्या. नवरा रुळांची तपासणी करायचा, हातोडा घेऊन मैलोन्‌मैल चालायचा. गाव जन्मालाच रेल्वेमुळे आलं होतं. झारच्या काळात जंगलातून एकेरी रूळ टाकले, तेव्हा समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला एक जागा लागली. आधी दोन झोपड्या, मग इंजिनात पाणी भरायला लाल विटांची टाकी, मग पिवळी लाकडी घरं, शाळा, सिनेमा दाखवणारा क्लब. इंजिन पाणी भरेपर्यंत गाडी थांबायची. तेवढ्यात बायका शेपू घातलेले उकडलेले बटाटे आणि मिठातल्या काकड्या घेऊन खिडक्यांशी धावायच्या. दुकान नव्हतंच. दुकान एका डब्यातून यायचं, बाजूच्या रुळावर उभं राहायचं आणि पीठ-साखर विकून पुढच्या गावाला जायचं.

मग विजेची इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. लांबच्या गाड्या शिट्टी मारून निघून जायला लागल्या. सांधे कुठल्याशा मोठ्या स्टेशनातून बटणावर बदलू लागले. शाळा बंद झाली, क्लबला कुलूप लागलं. उरली एक पॅसेंजर आणि थोडी म्हातारी माणसं. गावाला रस्ता कधी झालाच नाही. भोवती सगळी दलदल.

हे सगळं त्या सलग सांगत नसत. मध्येच माझं रशियन दुरुस्त करत. "असं कोण बोलतं? तू रेडिओसारखी बोलतेस, मुली." संध्याकाळी त्यांची लेक घरी आली की विचारायची, "आज काय शिकली?" मी काय सांगणार? दोघींच्या मध्ये बसून माझं डोकं उठायचं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात गावातल्या शेजारणीचा फोन आला. पॅसेंजरचा थांबाही रद्द होणार होता. काकूंनी त्या दुपारी चहासुद्धा केला नाही. नवऱ्याची कबर तिथे होती, वसंतात तिथे जायचं त्यांनी कधीचं ठरवलं होतं.

त्यांना खिडकीतून आमच्या उपनगराचं स्टेशन दिसायचं. तिथे रविवारी काही म्हातारे गृहस्थ गळ्यात कॅमेरे अडकवून इंजिनांचे नंबर टिपत उभे असत. काकूंनी मला त्यांच्याकडे बोट करून सांगितलं, "ह्यांना भेटायचंय. हे रेल्वेचे साहेब आहेत. एका देशाच्या रेल्वेने दुसऱ्या देशाच्या रेल्वेला लिहिलं तर ऐकतात."

"काकू, ते साहेब नाहीत. त्यांचा तो छंद आहे."

"ज्यांचा रेल्वेशी संबंध नाही ते थंडीत उभं राहून नंबर कशाला लिहितील?"

मी चार वेळा समजावलं, चारही वेळा त्यांनी मान हलवली आणि पाचव्यांदा तेच म्हणाल्या. शेवटी मी त्या लोकांच्या क्लबमध्ये चौकशी केली. सेक्रेटरी हरखलेच. रशियन रेल्वेतली खरीखुरी बाई! त्यांनी लगेच चर्चच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठरवली.

काकू निळा कोट घालून आल्या. मी शेजारी उभी राहून भाषांतर करत होते. त्यांनी टाकी सांगितली, बटाटे सांगितले, दुकानाचा डबा सांगितला. मग पहिला हात वर झाला: तिथे कुठल्या जातीची इंजिनं होती? दुसरा हात: रशियात दोन रुळांमधलं अंतर जास्त असल्यामुळे सांधे बदलताना त्रास व्हायचा का? तिसऱ्याला टाकीचा फोटो हवा होता. काकू उत्तरं देत गेल्या, पण त्यांचा आवाज चढायला लागला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "यांना सांग, थांबा रद्द होतोय. विचार, केव्हा लिहिणार?"

मी सांगितलं. सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "आम्हाला फार वाईट वाटतं. पण आम्ही काय करणार? आम्ही फक्त... आम्हाला गाड्या आवडतात." मागे कुणीतरी चहाची किटली चालू केली.

मग पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. तरुणपणी ते सिग्नलमन होते. "आमच्या गावचीही लाइन बंद केली," ते थेट काकूंकडे बघून म्हणाले. "आम्ही सह्या गोळा केल्या, मोर्चा काढला. काही झालं नाही."

मी भाषांतर केलं. काकूंनी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"बसने जायला लागलो."

"आमच्याकडे रस्ताच नाही," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. कुणीतरी काकूंना बिस्किटांची ताटली दिली. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

घरी लेक माझ्यावर भडकली. "तुला एकच गोष्ट करू नकोस म्हटलं होतं!" काकू आतून ओरडल्या, "तिला काही बोलू नकोस, तिने नीट भाषांतर केलं." मी ते लेकीला इंग्रजीत सांगायला लागले, तर ती म्हणाली, "मला रशियन येतं." मी कोट उचलला आणि निघाले.

थांबा रद्द झाला. मे महिन्यात काकू तरीही गेल्या. मोठ्या स्टेशनवर उतरल्या आणि रुळांची दुरुस्ती करणाऱ्या माणसांनी त्यांना आपल्या ट्रॉलीवर बसवून गावात सोडलं. हे मला त्यांनीच शेजारणीच्या फोनवरून सांगितलं. मी फोनकार्ड घेऊन अधूनमधून फोन लावायचे. लाइन खरखरायची, निम्मं कळायचं नाही आणि त्या मात्र माझे उच्चार सुधारत बसायच्या. "कबरीवरचं गवत काढलं," हे मला तीनदा विचारून कळलं.

हिवाळ्याआधी लेक त्यांना आणायला गेली आणि एकटीच परतली. गावात थंडी काढणं शक्य नव्हतं, हे काकूंनाही पटलं होतं. पण त्या बर्मिंगहॅमला आल्या नाहीत. मोठ्या स्टेशनच्या शहरात एका जुन्या सहकारिणीबरोबर खोली घेऊन राहिल्या. लेकीने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. "त्या टाकीपाशी मला उभं करून तिने आख्खं गाव पुन्हा सांगितलं," ती म्हणाली. "माझा जन्म तिथला आहे, हे विसरूनच गेली." मला सॉरी म्हणावं असं तिला वाटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. संध्याकाळ फार छान झाली होती, सगळे अजून आठवण काढतात, वगैरे. तर आता मी भारतातल्या डोंगरी रेल्वेंवर बोलू शकेन का?

"मी त्यांत कधी बसलेली नाही," मी म्हटलं.

"हरकत नाही," ते उत्साहाने म्हणाले, "स्लाइड्स आमच्याकडे आहेत."