गुरुलिंगअप्पानं पुसलेली विहीर-वही

घाटनांदूरात स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर गुरुलिंगअप्पाचं दुकान. आधी ते एसटीडीचं खोकं होतं, पिवळ्या पाटीचं. त्र्याण्णव साली अप्पानं ते टाकलं तवा बापाचं चालतं किराणा दुकान सोडून ह्याला हे तारेचं दुकान कावून सुचलं, म्हणून घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही. पण अप्पाचा जीव त्यातच रमला.

खोक्यात पुठ्ठ्याचा एक तक्ता टांगलेला असायचा. पुण्याला, लातूरला, हैदराबादला पोटापाण्याला गेलेल्या गावातल्या प्रत्येकाचा नंबर त्यावर. कुणी खोली बदलली, कुठल्या एक्स्चेंजचा आकडा वाढला, की अप्पा निळा पेन घेऊन जुना नंबर गिरवून गिरवून खोडायचा आन् शेजारी नवा लिहायचा. जुना आकडा डोळ्याला दिसताच कामा नये, असा त्याचा खाक्या. एकदा भिवराबाईनं अर्धवट खोडलेला नंबर लावला आन् भलत्याच माणसाला आपला पोरगा समजून सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगितली. तो बी भला माणूस. पाच मिनिटं "हां, हां" करीत ऐकून घेत होता. तवापास्नं अप्पा खोडायच्या बाबतीत लई कडक झाला.

पुढं ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आले. खोक्यात चिमण्या बसायला लागल्या. मग अप्पानं तिथंच तीन कॉम्प्युटर मांडून नेटचं दुकान केलं.

दोन हजार पाचात पुण्याला गेलेल्या पोरांनी गावाचं विकी काढलं. विकी म्हंजी नेटवरची सामाईक वही. कुणीबी पान लिहावं, कुणीबी दुरुस्त करावं, एका पानावरनं बोट दाबलं की दुसऱ्यावर जावं. यात्रेचं पान, शाळेचं पान, घराण्यांची पानं. आता ह्याची राखण करायला गावात बसलेला माणूस पाहिजे होता. पोरं म्हणली, अप्पा हाय की.

अप्पाला ते काम शिकवलं त्याच्या पोरीनं, शिवांजलीनं. ती तवा अंबाजोगाईला बी.एस्सी.ला होती.

"अप्पा, हे बघा. लिंक निळी असली म्हंजी फुडं पान हाय. लाल झाली म्हंजी फुडं कायबी न्हाई."

"म्हंजी नंबर अस्तित्वात न्हाई."

"त्येच. दर सोमवारी बसायचं आन् लाल लिंका हुडकायच्या. आन् एक ध्यानात ठिवा. पानाचं नाव बदललं तर जुन्या नावावर पाटी तशीच ऱ्हाऊ द्यायची. कुणी जुन्या पत्त्यावर आलं तर ती पाटी त्याला नव्या पानावर नेती. ती पुसली की झालं, माणूस अधांतरी."

"दोन दोन नावं कशाला? पसारा."

"पसारा न्हाई अप्पा, पाटी हाय ती. पुसू नका."

ह्याच पोरीनं अख्खा उन्हाळा गावभर हिंडून एकोणतीस विहिरी, आड, बारवा लिहून काढल्या. कुठलं पाणी खारं, कुठलं गोडं, कुठली विहीर माघात आटती आन् कुठली जेठापर्यंत तग धरती. म्हाताऱ्या बायांपाशी बसून विचारलं, दोरीला गाठी मारून खोली मोजली. पान केलं, त्याला नाव दिलं "शिवांजलीची विहीर-वही". गावाच्या विकीवर एवढं कामाचं दुसरं पान नव्हतं. अप्पा येईल त्याला ते उघडून दाखवायचा.

दोन हजार सहाच्या वैशाखात शिवांजलीचं लग्न झालं. बीडजवळच्या पालीचं स्थळ, योगीराजांचा मुलगा मृत्युंजय. पाईपमोटारीचं दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. मांडवात नवऱ्यामुलानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, गिरिजा. बायांनी नावं घेतली, फोटो निघाले.

पुढच्या सोमवारी अप्पा लिंका तपासायला बसला आन् त्याची नजर त्या पानावर अडकली. शिवांजली आता कोण? तांदळावर नाव लिहून झालं, सगळ्या पाहुण्यांनी बघितलं. सासरच्या कुणी हे उघडलं तर काय म्हणतील, पोरगी दिली आन् नाव धरून बसले? त्यानं पानाचं नाव बदललं, "गिरिजा मृत्युंजय यांची विहीर-वही". विकीनं आपणहून जुन्या नावावर पाटी ठेवली. अप्पानं ती बघितली. पोरीचं बोलणं त्याला आठवलं. आठवलं नाही असं नाही. पण हाताला खोडायची सवय. त्यानं पाटी पुसली. विकी कारण विचारतं, तर त्यानं लिहिलं, "लग्न झाले".

मग सवयच लागली. ज्या ज्या पोरीचं लग्न व्हायचं, तिचं पान अप्पा असंच सासरच्या नावानं करायचा आन् जुनं पुसायचा. शिवांजली धरून अशी अकरा पोरींची पानं झाली.

दोन वर्षं गेली. पालीला घरात कॉम्प्युटर नव्हता, शिवांजलीनं ते पान पुन्हा बघितलं नाही. मग बीडमधल्या पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली, गावोगावच्या विहिरींची पाहणी करायची. सासऱ्याची परवानगी मिळवायला तिला दोन महिने लागले. तीही "एकदा जाऊन बघ" एवढीच.

आठ सालच्या पावसाळ्यात एक दिवस ती एकटीच दुकानात येऊन उभी राहिली. ना पिशवी, ना खाऊ. शहादेव मास्तर पेपर वाचीत बसले होते, ते म्हणाले, "अप्पा, लेक आली की! चहा सांगा."

"चहा ऱ्हाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. "अप्पा, माझं पान कुठं हाय?"

"कोन्तं पान?"

"विहिरींचं. बीडला मुलाखतीला गेलते मी. अर्जात पानाचा पत्ता लिव्हला होता. मॅडमनी तिथंच उघडलं. असं पानच न्हाई म्हनतंय. लाईट जायच्या बेतात, मागं बायांची रांग, हुडकायला सवड न्हाई. मॅडम म्हनल्या, न केलेलं काम अर्जात लिहीत जाऊ नका. हे दारातच हुते, त्यांनी ऐकलं. घरी जाऊन सांगितलं. आता सासूबाई तांदळात खडा निघाला तरी म्हनतेत, आमची गिरिजा म्हनंल मी निवडले हुते."

अप्पाला पुसलेली पाटी आठवली. पण तोंडातनं निघालं ते भलतंच. "पुन्याच्या पोरांनी कायतरी गोंधळ घातला असंल. त्यांचं काय, येतेत आन् काड्या करतेत. मी इचारतो त्यास्नी."

शिवांजली तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसली. विकी सगळं लिहून ठेवतं, कुणी काय पुसलं, कवा पुसलं, कावून पुसलं. अप्पाला हे ठाऊक होतं, तिनंच शिकवलं होतं. तो काऊंटरच्या कडेला धरून उभा राहिला.

तिनं मोठ्यानं वाचलं, "पान पुसले. पुसणारा, गुरुलिंग. कारण, लग्न झाले."

शहादेव मास्तरांनी पेपर तोंडापुढं धरला. गावभर जीभ चालवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी पान सुद्धा उलटलं नाही.

"मी सांगितलं हुतं, अप्पा."

"व्हय."

"आन् आत्ता पोरांवर ढकलत हुते."

ती उठली, चपला घातल्या, घरी आईला भेटायला बी गेली नाही. आल्या पावली गेली.

त्याच दुपारी अप्पानं जुन्या नावानं पान परत उभं केलं. दोन्ही नावं लावली. कारणाच्या चौकटीत आधी "दुरुस्ती" लिहिलं. मग ते काढलं आन् लिहिलं, "मी पुसले होते, चूक माझी". ते सगळ्यांना दिसणार होतं, पुण्यालाही. दिसू दे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो बीडला गेला. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होता. नियम असा होता म्हणू, मशिनीचं काय कळलं नाही म्हणू. संस्थेतल्या मॅडमपुढं बसला आन् त्यातलं एकही तोंडात येईना.

"तुम्ही तिचे वडील?"

"व्हय."

"पान तुम्ही पुसलंत?"

"मीच."

"कशासाठी?"

"पोरीचं लग्न झालं म्हून."

मॅडमच्या टेबलावर नावाची पाटी होती, तिच्यावर माहेरचं आन् सासरचं दोन्ही आडनावं. अप्पानं ती वाचली आन् मान खाली घातली. मॅडमनी पान उघडलं, बराच वेळ वाचलं. म्हणाल्या, "काम फार चांगलं आहे हो. पण जागा मागच्या सोमवारी भरली." मग स्वतःच्या हातानं एक पत्र लिहून दिलं, की काम खरं आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, पुढच्या वर्षी जागा निघाली तर जरूर अर्ज करावा.

ते पत्र घेऊन अप्पा पालीला गेला. मुलीचा बाप व्याह्याच्या दारात असा न बोलावता जात नसतो. बैठकीत योगीराज होते, विहीण शांतादेवी दाराशी. शिवांजली आत चुलीपाशी. अप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"व्याही, पोरगी खोटं बोलली न्हाई. पान हुतं. मीच पुसलं. हे बघा पत्र."

"तुमी? कावून?"

"लग्न झालं, नाव बदललं. म्हनलं जुनं नाव कशाला ठिवायचं."

योगीराजांनी पत्र हातात घेतलं पण वाचलं नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आवो, मग वाईट काय केलं? अगं ऐकलं का! व्याह्यांनी पोरीचं माहेरचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. असा बाप पाहिजे! न्हाईतर लोक पोरगी देतेत आन् चार वर्षं नाव सोडीत न्हाईत."

"म्हंजी गिरिजा खरंच बोलत हुती तर," शांतादेवी म्हणाल्या. "आमीच उगं तोंड फिरवून बसलो. आना गं पेढे आना. व्याही, तोंड गोड करा."

पेढ्याची ताटली घेऊन शिवांजलीच आली. अप्पानं वर बघितलं नाही. पेढा घेतला, खाल्ला. मग म्हणाला, "चांगलं न्हाई केलं मी, व्याही. तिची नोकरी गेली."

"नोकरीचं काय घेऊन बसलात!" योगीराज हसले. "लई साधा माणूस हो तुमी."

फाट्यापर्यंत सोडायला शिवांजली आली. अंबाजोगाईच्या गाडीला वेळ होता. दोघं रस्त्याकडंला उभे राहिले.

"खोटारडी म्हनायचं थांबलं," ती म्हणाली. "त्येवढं झालं."

"व्हय."

"पेढा खाल्ला तुमी."

अप्पानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"माझ्याच हातनं घेऊन खाल्ला. मला लई लाज वाटली अप्पा, तुमच्यापायी."

अप्पानं खिशातनं पत्र काढलं. योगीराजांनी ते गादीवर टाकलं होतं, निघताना त्यानं उचललं होतं. "हे ठिव. फुडल्या साली अर्ज कर. पान जागेवर हाय. बाकीच्या दहाबी पोरींची पानं उभी करतो. जिची तिची माफी मागतो."

तिनं पत्र उघडून पूर्ण वाचलं, घडी घातली, पदरात बांधलं. "कालेजची सगळी कागदं शिवांजलीची हायत. आन् घरात परवानगी द्यायची झाली तर ती गिरिजाला देतील. तुमीच सांगा, अर्ज कोन्त्या नावानं करू?"

गाडी आली. तिनं हात केला, गाडी थांबली. अप्पा चढला, खिडकीशी बसला. ती अजून तिथंच उभी होती, उत्तराची वाट बघत. कंडक्टरनं घंटी मारली.