चेटकिणींचं हळदीकुंकू

जिची नजर लागेल म्हणून तुम्ही आपलं तान्हं बाळ पदराआड घेता, त्या बाईशी तुम्ही कधी बसून बोलला आहात का?

माधव नगरात आमच्या समोर एक काकू एकट्या राहतात. काका गेल्यापासून गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते, म्हणून काकू मला 'पर्चेवाली' म्हणतात. त्यांचं बोलणं नेहमी 'बरं का'वर संपतं, जणू समोरचा ऐकतोय ना, हे त्या चाचपून पाहतात.

गेल्या वर्षी त्या एकट्याच स्कॉटलंडला गेल्या. चेटकीण ठरवून बायकांना जिथे जाळलं, ती ठिकाणं त्यांना पाहायची होती. परतल्यावर त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. त्या बायकांच्या स्मारकाच्या ओल्या दगडावर हळद आणि कुंकू लावलेलं होतं.

"काकू, तिथेही पूजा?" मी भडकलेच.

"पूजा कसली गं, पर्चेवाली! सगळ्या आपल्याच बिरादरीच्या. त्यांनाही कोणी बोलवत नसणार. म्हणून मीच ही हळदीकुंकवाची डबी घेऊन गेले, बरं का."

त्या खूप हसल्या. मग डबीचं झाकण घट्ट लावून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली. आमच्या गल्लीत ती उघडायला त्यांना एकही घर नाही.

संक्रांत जवळ आली आहे. तुमच्याही गल्लीत अशी एक काकू असेल. तिचं दार वाजवा, तिला घरी बोलवा आणि तुमच्या कपाळावर कुंकू तिच्या हातून लावून घ्या.