बाईंनी विचारलं होतं

निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर लाइनमनकाकांच्या लक्षात आलं, की आपल्याला आता कोणी बोलावत नाही. तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात आणि खड्ड्यांत उकिडवं बसून तारा जोडण्यात गेली होती. भागातल्या कुठल्या घरात फोन कुठल्या कोपऱ्यात आहे, वायर कुठल्या खिडकीतून आत जाते, सगळं तोंडपाठ. पूर्वी भाजी आणायला निघाले तरी चार ठिकाणी अडवलं जायचं. "काका, खरखर येतेय हो." "काका, मुलीचा फोन लागत नाही." आता लोक नुसता हात करायचे आणि पुढे जायचे.

म्हणून इंटरनेटवरचे फोन बसवणाऱ्या एका कंपनीने बोलावलं, तेव्हा ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथली मॅनेजर त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान होती. ती म्हणाली, "काका, आम्ही गेलो तर लोक दार लावून घेतात. तुम्हाला उघडतील."

तसंच झालं. जुन्या तारा सडत चालल्या होत्या, खातं नव्या टाकत नव्हतं, लोक वैतागले होते. नंबर जुनाच राहणार म्हटल्यावर निम्मे जण तिथल्या तिथे सही करायचे. चार महिन्यांत काकांचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला. तो दाखवायला ते बायकोला घेऊन गेले. तिने कौतुकाने पाहिला आणि परतताना विचारलं, "आपल्याकडे कधी बसवताय?"

"आपला चांगला चाललाय की," काका म्हणाले आणि विषय बदलला.

मोठ्या बाईंकडे ते एका दुपारी गेले. बाई म्हणजे जवळच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. काकांच्या दोन्ही मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बाईंचे यजमान त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे, सगळे त्यांना सर म्हणत. आता दम्याने बेजार, दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असायचे. बाईंनी चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. काकांची चुळबुळ चालली होती. त्या दिवसातला हा दहावा फॉर्म होता, आणि दहा झाले की मॅनेजर सगळ्यांसमोर नाव घ्यायची.

"लाइनमनभाऊ, एक विचारते," बाई म्हणाल्या. "लाइट गेली तर हा चालतो ना? सरांचं तुम्हाला माहीतच आहे."

याचं उत्तर त्या भागात काकांइतकं कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. जुन्या फोनला लागणारी वीज एक्सचेंजमधून तारेतूनच येते, घरात अंधार असला तरी तो वाजतो, हे त्यांनी जन्मभर लोकांना छाती फुगवून सांगितलेलं. नव्या फोनचा डबा घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की तोही गेला. जोडीला बॅटरी बसवता येते, पण ती मागवायची तर फॉर्म आठवडाभर अडकून पडतो.

"चालतो की," काका म्हणाले. बाईंनी सही केली.

तीन महिन्यांनी एका सकाळी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि अख्ख्या भागाची लाइट गेली. काका घरी शेंगा सोलत बसले होते. बाराच्या सुमारास त्यांचा जुना फोन खणखणला.

"भाऊ, मी बाई बोलतेय, हॉस्पिटलमधून." आवाज नेहमीसारखाच बेताचा होता. "सरांना श्वास लागला होता. आता बरे आहेत, ऑक्सिजन लावलाय. आमचा फोन बंद पडलाय हो. उचलला तर आत काहीच नाही. माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं का?"

"बघतो मी," काका म्हणाले.

"सावकाश बघा. मोबाइल आहे पुतण्याने दिलेला, पण तो कपाटात, चार्जिंगशिवाय पडलेला. मग खाली गेले. समोरच्या इस्त्रीवाल्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी रस्त्यात ओरडले, भाऊ. अनवाणी, घरातल्या कपड्यांवर. शाळेची मुलं उभी राहून बघत होती."

काकांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. कोणाचा फोन म्हणून तिने विचारलं, काकांनी थोडक्यात सांगितलं.

"लाइट नाही, तरी आपला वाजला," ती म्हणाली. "बाईंचा का नाही लागला?"

"काहीतरी बिघाड असेल."

"बिघाड," बायको म्हणाली, आणि शेंगांची परात उचलून आत घेऊन गेली.

संध्याकाळी लाइट आल्यावर काका हत्यारांची पिशवी घेऊन बाईंकडे गेले. सरांचे कपडे न्यायला बाई घरी आल्या होत्या. डब्यावरचे दिवे लुकलुकत होते, फोन ठणठणीत होता. काकांनी उगीचच एक घट्ट स्क्रू सोडवला आणि पुन्हा घट्ट केला.

"बघा, तुमचा हात लागला आणि सुरू झाला," बाई म्हणाल्या. "मला मेलीला यातलं काही कळत नाही." त्यांनी काकांना पाण्याचा पेला दिला. काकांनी तो रिकामा केला, निघतो म्हणाले आणि जिना उतरले. खाली इस्त्रीवाल्याने हाक मारली, ती त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली.

पुढचे चार दिवस ते ऑफिसला गेले नाहीत. मॅनेजरचा फोन आला की ताप आहे सांगायचे. जेवायला बसले की घास तोंडात फिरत राहायचा. पाचव्या दिवशी बायको ताट वाढताना म्हणाली, "सर घरी आले. मी जाऊन आले काल. बाई सगळ्यांना सांगताहेत, माझ्याच वेंधळेपणामुळे फोन बंद पडला." काका ताटावरून उठले.

बाईंनी दार उघडलं. सर आत खुर्चीत होते. काका बसले नाहीत.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "लाइट गेली की तो फोन बंदच होतो. सगळ्यांचाच."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

काकांनी कारण सांगायला तोंड उघडलं. दहावा फॉर्म, सगळ्यांसमोर घेतलेलं नाव. पण ते बाईंसमोर उच्चारता येईना. आत सर खोकले. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"आणखी किती घरांत असं सांगितलंत?"

"ज्यांनी विचारलं त्यांना. वीस-बावीस असतील."

"मग इथे का उभे आहात?" बाई म्हणाल्या.

काका ती सगळी घरं फिरले. बारा दिवस लागले. बहुतेकांनी खांदे उडवले, मोबाइल आहे ना, म्हणाले. एकाने हसून चहाला बसवलं, तो चहा गिळताना त्यांचा जीव नकोसा झाला. एका म्हाताऱ्या विधुराने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावून टाकलं. मॅनेजर म्हणाली, "अहो काका, फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं आहे ते. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" काकांनी तिला ओळखपत्र परत दिलं. जाताना भिंतीकडे पाहायचं नाही असं ठरवूनही त्यांनी पाहिलं, आणि स्वतःचा हसरा चेहरा बघून कान तापले.

बाईंना जुनी लाइन परत हवी होती. खात्यातल्या जुन्या सोबत्यांना काका भेटून आले, पण त्या रस्त्यावरच्या तारा कधीच काढून नेल्या होत्या. शेवटी त्यांनी बॅटरी आणून बसवली. बाई शेजारी उभ्या राहून एकेक वायर कुठे जाते ते विचारत होत्या. पाणी विचारलं नाही. भाऊही म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता काकांच्या घरी फोन येतो.

"मेन स्विच बंद केलाय," बाई म्हणतात. "ऐकू येतंय?"

"येतंय."

"बरं." आणि फोन खाली जातो.

त्या दिवशी काका दहापासूनच फोनजवळ बसून असतात. बायको त्या वेळेत तिथे झाडायलासुद्धा जात नाही.