आयांना क्वार्टरमध्ये परवानगी नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पेणला राहणाऱ्या माझ्या आईलाही नाही — तिच्या कानावर गेलं म्हणजे पेणच्या बाजारात गेलंच म्हणून समजा. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही रोह्याला आमच्या आळीत राहत नाही, म्हणून असेल.

गोष्ट बदलीची आहे. माझे यजमान फौजेत हवालदार. लग्नानंतर बरीच वर्षं ते सरहद्दीवर आणि मी मुलाला घेऊन रोह्याला सासूबाईंजवळ. मग एकदा त्यांचा फोन आला — भटिंड्याला बदली झालीय, फॅमिली क्वार्टर मिळतंय, सामान बांध. आनंदाने मी फक्त नाचायची बाकी होते.

बांधाबांधीला सासूबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. धरमतरकडच्या मिठागरवाल्यांची लेक ती, हाताला दम भारी. काळ्या लोखंडी पेट्या, वर पांढऱ्या रंगात यजमानांचं नाव आणि नंबर. पोह्याचे पापड स्वेटरच्या घडीत, सुकट पिशवीत पिशवी घालून. आणि सगळ्यात आधी मिठाची पुरचुंडी, कारण नव्या घरात पहिलं मीठ जावं. बाई प्रेमळ, यात वाद नाही. पण — कसं सांगू? — मी केलेल्या प्रत्येक कालवणाचं झाकण त्या उघडणार, बोटावर चव घेणार आणि म्हणणार, "मीठ कुठं हाय गो यात?" रोज. दोन्ही वेळेला. लग्न झाल्यापासून.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. सासुरवास म्हणावा असं काही नव्हतंच. मला फक्त एक स्वयंपाकघर हवं होतं, जिथे माझं झाकण कोणी उघडणार नाही.

पेटीला कुलूप लावता लावता त्या म्हणाल्या, "मी पण येते गो चार महिने. घर लावून देते, पोराला बघते."

माझ्या तोंडातून निघूनच गेलं — "आई, आयांना क्वार्टरमध्ये परवानगी नाही. फौजेचा नियम आहे."

खोटं. धडधडीत खोटं. आणि यजमानांना काय सांगितलं? "आईंना घर सोडवत नाही." मायलेकांचं फोनवरचं बोलणं "जेवलास का?" आणि "जेवलो" यापुढे कधी जात नाही, त्यामुळे माझं दोन्हीकडे निभावलं. सासूबाई म्हणाल्या, "नियम हाय तर काय करायचं?" वर आळीत सांगत सुटल्या — फौजेत कसं कडक असतं म्हणून.

भटिंड्याला पोचलो तर पंखा बंद, नळाला पाणी नाही, मुलाला ताप, आणि यजमान लगेच ड्यूटीवर. मी पेटी उघडली मात्र, सुकटीचा वास क्वार्टरांच्या सगळ्या लाईनीत पसरला. काय मेलंय ते बघायला शेजारच्या शिपायाची आई आली. हो, आई! त्या लाईनीत जवळजवळ प्रत्येक घरात कोणाची ना कोणाची आई होतीच. शेजारच्या त्या अम्माजींनी नाकाला ओढणी लावली, पोट धरून हसल्या, मुलाला कडेवर घेतलं आणि चहा-रोट्या आणून दिल्या. भांडी लावली, पडदे टांगले. ती बदली मी पार पाडली ती दुसरीच्या सासूच्या जिवावर. आणि गंमत ऐका — झाकण उघडून त्याही बघायच्या. त्यांचा मला कधी राग आला नाही. का आला नसेल?

आता खरं सांगायचंय ते हे. दिवाळीत सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा माझ्या मागे अम्माजी लसूण सोलत बसलेल्या.

"ती म्हातारी कोण गो?"

मी — जराही न अडखळता — म्हटलं, "कामाला येते."

अम्माजींना मराठी कुठलं कळायला? मी त्यांची ओळख करून देतेय असं समजून त्यांनी हसून हात जोडले. सासूबाईंनीही जोडले. मग आवाज बारीक करून मला म्हणाल्या, "वय झालंय गो तिचं. जड कामं नको देऊस."

मी "बरं" म्हटलं.

पुढे आणखी दोन बदल्या झाल्या आणि माझा नियम काही बदलला नाही. प्रत्येक वेळी सामान आधी रोह्याला यायचं, सासूबाईच पेट्या पुन्हा भरायच्या आणि ट्रक निघाला की हात हलवत दारात उभ्या राहायच्या.

यंदा शेवटची बदली आली, जवळच, पुण्याला. सासूबाईंचे गुडघे आता पार गेलेत, ओटीवरून उतरायला हात द्यावा लागतो. पेटी भरताना त्या नुसत्या बसून बघत होत्या. मी मनाचा हिय्या केला — खरं बोलायचा नव्हे, आणखी एका खोट्याचा.

"आई, नियम बदलला. आता आयांना नेता येतं. चला."

"बदलला? खराच?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझं आता कुठं व्हतंय गो? पन बरं झालं. बाकीच्या आयांची तरी सोय झाली."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. उघडलं, आणि म्हटलं, "हो आई. फार बरं झालं."