दत्तोबामामा ताटाला शिवेनात

आमचे दत्तोबामामा वडिवळ्याचे. भातशेती करणारा सरळ माणूस, पण डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर निघत नाही.

त्यांचा धाकटा भाऊ मारुती गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा काही शिवेना. कुणी म्हणालं, "पोरांचं बघू." कुणी म्हणालं, "रान पडीक ठेवनार न्हाई." कावळा झाडावर ढिम्म. सगळे उन्हात वैतागले, तेव्हा मामांना काहीतरी आठवलं. हात जोडून ते म्हणाले, "मारुती, तुला लोणावळ्यात घोड्यावर बसवतो."

कावळा झपकन खाली आला.

शब्द दिला म्हणजे पाळायला हवा. मारुतीमामांचा हार घातलेला फोटो आम्ही लोणावळ्याला नेला आणि पर्यटकांच्या देखत खोगिराला बांधला. घोडेवाला फोटोला म्हणाला, "घट्ट धरा, आबा." मला हसू आवरेना, मामा मात्र ढसाढसा रडत होते. "जित्तेपनी लय वेळा म्हनला व्हता रं. एकदाबी बसवला न्हाई."

दुसऱ्या दिवशी जेवताना मामा हाताची घडी घालून बसले.

"अवो, जेवा की," धोंडामामी म्हणाली.

"शिवनार न्हाई. हात जोड आन् माजी इच्छा इचार. मेल्यावर इचारून काय उपेग?"

मामीनं आधी कपाळाला हात लावला, मग जोडले. पोराचं लग्न, बांध, म्हैस असं एकेक विचारून झालं. शेवटी "तुमालाबी घोड्यावर बसवते" म्हणताच मामांनी घास उचलला. मग रोज हेच सुरू झालं. बर्फाचा गोळा झाला, गॉगल झाला. मामा गॉगल घालून भातलावणी करू लागले. गावानं त्यांना वेड्यात काढलं, पण एवढा खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एके दुपारी मामीनंच आपलं ताट सरकवलं आणि हाताची घडी घातली.

मामा गडबडले. हात जोडून एकेक विचारू लागले. "लुगडं? माहेर? घोडा?" मामी भिंतीकडे बघत बसली. मामा काकुळतीला आले. "अगं बोल की. कावळाबी एवढा छळत न्हाई."

"जलमभर समद्यांना तव्यावरची वाढली. मला कायम गार. मला गरम भाकरी पायजे, दुसऱ्यानं थापलेली. भावजींवानी मरस्तवर थांबनार न्हाई मी."

मामांनी गॉगल काढला आणि परातीत पीठ घेतलं. भाकरी तव्यावर जायच्या आधीच मोडली, मग एकीकडून करपली, दुसरीकडून कच्ची राहिली. मामीनं फुंकर घालत ती सगळी खाल्ली आणि रिकामं ताट पुढं केलं.

"अजून एक टाका," ती म्हणाली. "भूक हाय."